क्राऊन-पिनियन बदलण्याआधी दात मोजा!

जुन्या पिकअपच्या मागील डिफरन्शियलची ओळख, तपासणी आणि जोडणी

छत्रपती संभाजीनगर : कन्नड, खुलताबाद, फुलंब्री तालुक्यांतील आले, पाचोडची मोसंबी, सिल्लोडकडील मका व मिरची आणि वाळूज-चिकलठाणा औद्योगिक वसाहतींतील सुटे भाग या साऱ्यांची ने-आण आज प्रामुख्याने पिकअप करते. 'एमएच-२०' क्रमांकाच्या अशा अनेक गाड्यांनी दहा-पंधरा वर्षांची सेवा पूर्ण केली आहे. इंजिन एकदा उतरवून नव्याने बांधले, की मालक निर्धास्त होतो. मागच्या दोन चाकांच्या मधोमध असलेल्या लोखंडी फुगवट्याकडे मात्र तो आवाज करू लागेपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही. या फुगवट्यातच डिफरन्शियल असते. इंजिनने निर्माण केलेली सारी शक्ती चाकांपर्यंत पोहोचण्यापूर्वी याच दारातून जाते.

भाड्यावर चालणारी गाडी आठ दिवस उभी राहिली, तर बँकेचा हप्ता थांबत नाही. ठरलेले भाडे मात्र दुसऱ्याकडे जाते. त्याहून वाईट अनुभव म्हणजे खर्च करून दुरुस्त केलेली गाडी महिनाभरात तोच आवाज घेऊन पुन्हा गॅरेजच्या दारात उभी राहणे. असे का होते, याची कारणे शोधू लागल्यास ती बहुधा दोनच निघतात. एक तर सुटा भाग मागवताना मूळ एक्सलची ओळख नीट पटवलेली नसते किंवा जोडणी मोजमापाऐवजी अंदाजाने झालेली असते. दोन्ही चुका टाळता येण्यासारख्या आहेत आणि त्यासाठी लागणारी साधने या शहराला अपरिचित नाहीत.

डिफरन्शियलची तीन कामे

इंजिनाकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट गाडीच्या लांबीच्या दिशेने फिरतो, तर चाकांना त्याच्या काटकोनात फिरायचे असते. शाफ्टच्या टोकाला असलेला छोटा पिनियन गिअर मोठ्या क्राऊन गिअरला फिरवून ही दिशा बदलतो. हे पहिले काम. दुसरे काम वेग कमी करून जोर वाढवण्याचे. पिनियनचे दात आठ आणि क्राऊनचे एकोणचाळीस असतील, तर शाफ्टच्या जवळजवळ पाच फेऱ्यांत चाक एकदा फिरते आणि जोर तितक्याच पटीने वाढतो. पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स चार पट जोर वाढवते असे धरल्यास घाट चढताना चाकांवर इंजिनाच्या सुमारे वीस पट जोर येतो. हा सारा भार क्राऊन आणि पिनियनच्या मोजक्या दातांवर असतो.

तिसरे काम सर्वांत कौशल्याचे आहे आणि त्यावरूनच या यंत्रणेला नाव मिळाले. वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापते. दोन चाकांमधील अंतर १.४ मीटर असेल, तर एका काटकोनी वळणात बाहेरचे चाक सुमारे २.२ मीटर अधिक धावते. वळण लहान असो वा मोठे, हा फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाके एकाच अखंड दांड्यावर घट्ट बसवली असती, तर प्रत्येक वळणावर एक टायर रस्त्यावर घासत गेला असता. हे टाळण्यासाठी क्राऊनला जोडलेल्या पिंजऱ्यात छोटे स्पायडर गिअर आणि त्यांना भिडलेले दोन साइड गिअर बसवलेले असतात. सरळ रस्त्यावर ते आपापल्या जागी स्थिर राहून पिंजऱ्यासोबत फिरतात. वळणावर मात्र स्वतःभोवती फिरून एका चाकाचा वेग जितका कमी करतात, तितकाच दुसऱ्याचा वाढवतात. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर यांनी वाफेवरच्या गाडीसाठी १८२० च्या दशकात ही युक्ती वापरात आणली. तिचे तत्त्व आजही बदललेले नाही.

बहुतेक पिकअपमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेपेक्षा थोडा खाली बसवलेला असतो. या रचनेस हायपॉइड म्हणतात. १९२० च्या दशकात अमेरिकेतील ग्लीसन कंपनीने ती विकसित केली. तिच्यामुळे दात अधिक मजबूत करता आले आणि आवाजही कमी झाला. तथापि, या रचनेत दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, तर घासत सरकतात. म्हणूनच या एक्सलला साधे तेल चालत नाही.

काळी माती, ओढे आणि घाट

डिफरन्शियलचे आयुष्य गाडी कोठे व कशी चालते, यावर अवलंबून असते. मराठवाड्यात त्याची परीक्षा पाहणाऱ्या तीन गोष्टी एकत्र येतात.

पहिली म्हणजे काळी माती. साध्या डिफरन्शियलचा एक स्वभावदोष असा, की ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. पावसाळ्यात पाणंद रस्त्यावर एक चाक चिखलात गेले, की त्याला पकड उरत नाही आणि त्यामुळे कोरड्या जमिनीवरील दुसऱ्या चाकालाही जोर मिळत नाही. एक चाक गरगर फिरते, दुसरे जागचे हलत नाही. अशा वेळी फिरणाऱ्या चाकाचा वेग क्राऊनच्या दुप्पट असतो. स्पीडोमीटरवर ३० चा आकडा दिसत असेल, तर ते चाक ६० च्या वेगाने फिरत असते. स्पायडर गिअर सर्वसाधारणपणे बेअरिंगशिवाय, केवळ एका दांडीवर फिरतात. वळणावरच्या थोड्याशा फेऱ्यांसाठी ते बनवलेले असतात. पाच-दहा मिनिटे चाक असे फिरवत ठेवल्यास दांडीवरचे तेल निघून जाते, धातू धातूला चिकटू लागतो आणि दांडी ओरखडते. शेतातून गाडी 'निघाली' याचा आनंद होतो. झालेली इजा मात्र काही महिन्यांनी कळते. चाकाखाली पाचट, दगड किंवा गोणपाट टाकून किंवा सरळ ट्रॅक्टर लावून गाडी ओढून काढणे कितीतरी स्वस्त पडते.

दुसरी गोष्ट पाण्याची. एक्सलच्या नळीवर हवा आत-बाहेर जाण्यासाठी छोटा ब्रीदर असतो. लांब पल्ला करून तापलेले हाऊसिंग ओढ्याच्या पाण्यात उतरले, की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. ब्रीदर मातीने बुजला असेल, तर उलट प्रकार होतो. तापलेल्या हवेचा दाब सीलवर येऊन तेल बाहेर पडू लागते. केवळ सील बदलून गळती पुन्हा पुन्हा होत असल्यास आधी ब्रीदर पाहणे आवश्यक ठरते.

तिसरी गोष्ट घाट आणि जादा वजन. कन्नड-चाळीसगाव मार्गावरील औट्रम घाट, दौलताबाद-खुलताबाद चढ किंवा जळगाव रस्त्यावर फर्दापूरजवळील अजिंठा घाट या ठिकाणी क्षमतेपेक्षा जास्त माल भरून चढावर थांबलेली गाडी क्लच एकदम सोडून उचलली, की पिनियनच्या दातांवर हातोड्याच्या घावासारखा भार येतो. दात त्याच दिवशी तुटेल असे नाही. पण तेथे पडलेली सूक्ष्म चीर पुढे वाढत जाते.

आवाज ओळखा

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी आवाज खरोखरच डिफरन्शियलचा आहे का, याची खात्री करून घ्यावी. रस्त्याचा पृष्ठभाग बदलताच आवाज बदलत असेल, तर तो बहुधा टायरचा असतो. गाडी जागेवर उभी असताना, न्यूट्रलमध्येही आवाज येत असेल, तर गिअरबॉक्स किंवा क्लचकडे पाहावे. हे दोन्ही संशय दूर झाल्यावर पुढील खुणा उपयोगी पडतात.

ॲक्सिलरेटर दाबताच वाढणारी किंवा पाय काढताच सुरू होणारी, वेगाबरोबर चढत जाणारी 'ऊंऽऽ' अशी शिट्टीसारखी लय क्राऊन-पिनियनच्या दातांची जुळणी बिघडल्याचे सांगते. ॲक्सिलरेटरशी फारसा संबंध नसलेली सततची घरघर बेअरिंगची असते. पिनियनचे बेअरिंग चाकापेक्षा चार-पाच पट वेगाने फिरते. ताशी ६० किलोमीटर वेगात चाक मिनिटाला सुमारे ४५० फेरे घेते, तेव्हा पिनियनचे दोन हजारांहून अधिक फेरे होतात. त्यामुळे त्याचा आवाज बारीक व तीव्र, तर पिंजऱ्याच्या बाजूच्या बेअरिंगचा जाड व मंद येतो. गाडी डावी-उजवीकडे झुकवताना घरघर कमी-जास्त होत असेल, तर दोष बहुधा चाकाच्या बेअरिंगचा असतो.

केवळ वळणावर येणारा कटकट आवाज स्पायडर व साइड गिअरची झीज दर्शवतो. ठरावीक अंतराने, चाकाच्या फेऱ्याशी जुळून येणारी 'टक्' दाताचा तुकडा उडाल्याची शक्यता सांगते. अशा गाडीने पुढचे भाडे घेऊ नये. रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये टाकताना मागून येणारा 'खट्' आवाज दातांमधील मोकळीक वाढल्याचे लक्षण असू शकते. मात्र हाच आवाज प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस किंवा सरकता जॉइंट झिजल्यानेही येतो. क्रॉस बदलणे तुलनेने किरकोळ काम आहे. म्हणून गाडीखाली जाऊन शाफ्ट हाताने हलवून पाहिल्याशिवाय डिफरन्शियल उतरवू नये.

यानंतर तेल. हाऊसिंगच्या बाजूचा बूच उघडल्यावर तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असावयास हवे. निचऱ्याच्या बुचावर चुंबक असल्यास त्यावर काळसर, मऊ लेप येणे स्वाभाविक आहे. बोटांना टोचणारे कण, चकचकीत पापुद्रे किंवा दाताचा तुकडा मिळाल्यास आत उघडूनच पाहावे लागते. दुधाळ तेल म्हणजे आत पाणी गेले आहे. मागच्या ड्रममध्ये तेल उतरले असेल, तर प्रश्न केवळ एक्सलचा राहत नाही. तेलकट ब्रेक शू चाक थांबवू शकत नाहीत.

जुनी गाडी विकत घेताना आणखी सावध असावे. प्रमाणापेक्षा घट्ट तेल किंवा ग्रीस भरून डिफरन्शियलचा आवाज काही दिवसांपुरता दाबण्याची क्लृप्ती जुनीच आहे. सौदा पक्का करण्यापूर्वी बूच उघडून तेल बोटावर घेण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत.

ओळख पटवताना

नोंदणी पुस्तकात मॉडेल आणि वर्ष असते. पण गाडीखाली असलेला एक्सल त्याच वर्षाचा असेल, याची हमी ते पुस्तक देत नाही. दहा-पंधरा वर्षांत अनेक गाड्यांना भंगारातून आणलेला संपूर्ण एक्सल बसवलेला असतो. शिवाय एकाच नावाच्या मॉडेलमध्येही उत्पादकाने वेगवेगळ्या काळात वेगवेगळी गुणोत्तरे आणि बेअरिंग वापरलेली असतात. टाटामोबाइल १९८८ मध्ये बाजारात आली, बोलेरो २००० मध्ये. त्या नावांची आणि त्यांच्यापासून तयार झालेली वाहने पुढे वर्षानुवर्षे बनत राहिली. म्हणून 'बोलेरोचा क्राऊन-पिनियन द्या' एवढे सांगणे पुरेसे नाही.

ओळखीची सुरुवात हाऊसिंगच्या आकारापासून करावी. काही एक्सलमध्ये मागच्या बाजूस बोल्टने बसवलेले झाकण असते. ते काढल्यावर क्राऊन समोर दिसतो आणि सारी जोडणी हाऊसिंगमध्येच करावी लागते. महिंद्र कंपनीने १९४७ पासून ज्या विलीज जीप भारतात जोडण्यास प्रारंभ केला, त्यांचे एक्सल याच स्पायसर पद्धतीचे होते. दुसऱ्या प्रकारात मागची बाजू बंद असते आणि संपूर्ण डिफरन्शियल पुढच्या बाजूने एका तुकड्यात बाहेर निघते. ते टेबलावर ठेवून जोडता येत असल्याने काम सोपे होते. झाकणाचा आकार आणि बोल्टची संख्या टिपून घ्यावी. हाऊसिंग वायर ब्रशने घासल्यास त्यावरील ओतीव अंक किंवा पत्र्याची पट्टी सापडू शकते. तिचे छायाचित्र मोबाइलमध्ये काढून ठेवावे.

दुसरी पायरी गुणोत्तराची. डिफरन्शियल न उघडताही ते काढता येते. गाडी सपाट जागी उभी करून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत, मागचे एकच चाक उचलून एक्सलखाली लोखंडी घोडी द्यावी, हँडब्रेक सोडून गिअर न्यूट्रल करावा. टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूने खूण करावी. उचललेले चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवावे आणि तेवढ्यात शाफ्ट किती वेळा फिरला, ते दुसऱ्या माणसाने मोजावे. दुसरे चाक जमिनीवर स्थिर असल्याने दोन फेऱ्यांत क्राऊन एकदाच फिरतो. म्हणून शाफ्टचे फेरे हेच गुणोत्तर. शाफ्ट पाच फेऱ्यांना किंचित कमी पडला, तर गुणोत्तर ४.८८ च्या आसपास; पाचांपेक्षा एक तृतीयांश फेरा अधिक झाला, तर ५.३८ च्या जवळ. अचूक आकडा मात्र दात मोजूनच मिळतो. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपमध्ये ३९ आणि ८ दात होते, म्हणजे ४.८८; युद्धोत्तर नागरी जीपमध्ये ४३ आणि ८, म्हणजे ५.३८. नुसत्या डोळ्यांना हे दोन क्राऊन सारखेच वाटू शकतात.

हा फरक किती महत्त्वाचा आहे, ते हिशेबावरून कळते. ४.८८ च्या जागी ५.३८ बसवल्यास गाडी घाटात अधिक जोमाने चढेल, पण इंजिनाच्या ज्या फेऱ्यांत ती ताशी ६० किलोमीटर धावत होती, त्याच फेऱ्यांत आता सुमारे ५४ नेच धावेल. जुन्या गाड्यांत स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून निघत असल्याने काटा मात्र ६० च दाखवत राहतो. किलोमीटरही जास्त नोंदले जातात आणि डिझेलच्या सरासरीचा हिशेब फसवा होतो. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत पुढचा आणि मागचा एक्सल वेगळ्या गुणोत्तराचा झाला, तर कोरड्या रस्त्यावर दोन्ही एकमेकांशी झगडू लागतात व गिअर किंवा शाफ्ट तुटण्यापर्यंत वेळ येते.

तिसरी पायरी एक्सल शाफ्टची. चाकाच्या मधोमध बोल्टचे वर्तुळ असलेली चकती दिसत असेल आणि ते बोल्ट काढून चाक न उतरवता शाफ्ट बाहेर येत असेल, तर ती फुल फ्लोटिंग रचना होय. यात गाडीचे वजन हाऊसिंग पेलते, शाफ्ट केवळ चाक फिरवतो. सेमी फ्लोटिंग रचनेत वजनही शाफ्टवरच असते. तेथे बेअरिंग किंवा शाफ्ट निकामी झाल्यास चाक बाहेर निघून येण्याचा धोका असतो. फुल फ्लोटिंगमध्ये शाफ्ट तुटूनही चाक जागेवर राहते. परंतु धोका तेथेही आहे. एका बाजूचा शाफ्ट तुटताच डिफरन्शियलमुळे दुसऱ्या चाकालाही जोर मिळत नाही आणि उतारावर इंजिनाचा ब्रेकही नाहीसा होतो. घाटात गिअरवर भरवसा ठेवून उतरणाऱ्या चालकाने हे विसरू नये. शाफ्टच्या टोकावरील खाचांची संख्या, डाव्या-उजव्या शाफ्टची लांबी आणि बेअरिंगच्या कडेवर कोरलेले क्रमांक लिहून घेतल्यावरच सुटे भाग आणण्यास निघावे. जुना भाग सोबत नेला तर उत्तमच.

काय बदलावे, काय ठेवावे

उघडल्यानंतरचा सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे क्राऊन आणि पिनियन ही जोडी आहे. कारखान्यात ती एकमेकांवर घासून जुळवलेली असते आणि दोहोंवर बहुधा एकच जोडक्रमांक कोरलेला असतो. पिनियनचा एक दात गेला म्हणून एकटा पिनियन बदलणे म्हणजे वाचवलेल्या पैशात नवा आवाज विकत घेणे होय. बेअरिंगचेही तसेच. आतला भाग नवा आणि बाहेरची रिंग जुनी, असा मेळ टिकत नाही. ऑईल सील, पिनियनचा नट, दबणारा स्पेसर असल्यास तो आणि क्राऊनचे बोल्ट नवेच घ्यावेत. दातांवर खड्डे, निळसर जळके डाग किंवा तुटकी कड नसेल आणि दोष फक्त बेअरिंगचा असेल, तर जुना क्राऊन-पिनियन निर्धास्तपणे ठेवता येतो. स्पायडरची दांडी ओरखडली असेल, तर तिचे गिअर आणि वॉशर यांचा संपूर्ण संच बदलावा.

हाऊसिंग वाकले असेल, बेअरिंगची बैठक सैल झाली असेल किंवा पिंजऱ्याला चीर गेली असेल, तर जोडणीवर खर्च करण्यात अर्थ नाही. अशा वेळी चांगल्या स्थितीतील जुना संपूर्ण एक्सल घेणे परवडू शकते. मात्र तो घेतानाही झाकण उघडून दात पाहणे, गुणोत्तर मोजणे आणि पाट्यांच्या बैठकांमधील अंतर जुळवणे या गोष्टी टाळता येत नाहीत.

खोलण्यापूर्वी व खोलताना

गाडी केवळ जॅकवर उभी असताना तिच्याखाली जाऊ नये; दोन्ही बाजूंना घोडी हवीच. एक्सल शाफ्ट थोडे बाहेर ओढल्याशिवाय डिफरन्शियल निघत नाही. ते बरेच जड असते आणि एकट्याने पेलण्याच्या नादात बोटे चिरडतात.

जुने भाग सोडवण्यापूर्वीच मोकळीक मोजून लिहून ठेवावी आणि दातांवर रंग लावून जुनी जुळणी पाहून घ्यावी. बिघाड कोठून सुरू झाला, याचा तो पुरावा असतो. पिंजऱ्याच्या बेअरिंगवरील दोन टोप्या हाऊसिंगला बसवूनच कारखान्यात कोरलेल्या असतात. त्यांची डावी-उजवी अदलाबदल चालत नाही. म्हणून पंचने एका बाजूस एक ठिपका आणि दुसऱ्या बाजूस दोन ठिपके करावेत. प्रत्येक जागच्या शिम वेगळ्या बांधून त्यावर चिठ्ठी लावावी. पिनियनमागची शिम हरवली, तर मूळ मापाचा एकमेव आधार हातचा जातो.

नवे बेअरिंग लवकर जाण्याचे एक साधे कारण अस्वच्छता हे आहे. दाताचा भुगा एक्सलच्या लांब नळ्यांमध्ये जाऊन बसतो. केवळ मधला भाग पुसून जोडणी केली, तर पहिल्याच फेरीत तो भुगा तेलाबरोबर परत येतो. नळ्या डिझेलने धुऊन, काठीला फडके गुंडाळून शेवटपर्यंत पुसाव्यात.

चार मोजमापे

येथून पुढे अंदाजाला जागा नाही. त्या-त्या एक्सलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली मापे अंतिम मानावीत.

पहिले माप पिनियनच्या खोलीचे. पिनियन क्राऊनच्या किती जवळ जातो, हे शिमच्या जाडीवर ठरते. नव्या जोडीसाठी सुरुवात जुन्याच शिमने करावी आणि अंतिम निर्णय दातांवरील रंगावरून घ्यावा.

दुसरे माप पिनियन बेअरिंगवरील पूर्वदाबाचे, म्हणजे प्रीलोडचे. नट आवळून पिनियन फिरवण्यास लागणारा जोर मोजला जातो. सैल राहिल्यास पिनियन भाराखाली पुढे-मागे सरकतो. जास्त आवळल्यास बेअरिंग तापून जळते. दबणारा स्पेसर असलेल्या रचनेत नट मर्यादेपलीकडे गेला, तर तो उलटा फिरवून सैल करणे हा उपाय नव्हे. एकदा दबलेला स्पेसर पुन्हा फुगत नाही, नवाच घालावा लागतो.

तिसरे माप दातांमधील मोकळिकीचे. गॅरेजच्या भाषेत हा 'प्ले'. लहान मालवाहू गाड्यांत तो साधारणतः ०.१३ ते ०.२० मिलिमीटर असतो, म्हणजे दोन-तीन केसांच्या जाडीइतका. अंगठ्याने क्राऊन हलवून 'बरोबर आहे' म्हणणे आणि हे माप घेणे, यांतच टिकाऊ आणि कच्च्या कामाचा फरक आहे. डायल गेजचा काटा क्राऊनच्या दातावर टेकवून निदान चार ठिकाणी माप घ्यावे. चार ठिकाणची मापे एकमेकांपासून बरीच दूर असतील, तर क्राऊन वाकडा बसला आहे किंवा त्याच्या बैठकीत कचरा आहे, असे समजावे.

चौथी कसोटी रंगाची. क्राऊनच्या काही दातांवर रंगाचा पातळ लेप देऊन, चाके किंचित अडवून तो दोन्ही दिशांनी फिरवतात. पिनियन जेथे टेकतो, तेथील रंग पुसला जातो. हा ठसा दाताच्या मधोमध यावा. तो दाताच्या माथ्याकडे गेला असेल, तर पिनियन दूर आहे, त्यास आत सरकवावे. मुळाकडे गेला असेल, तर पिनियन फार आत आहे, त्यास मागे घ्यावे. ठसा दाताच्या बाहेरच्या जाड टोकाकडे सरकला असल्यास क्राऊन पिनियनच्या जवळ आणावा आणि आतल्या बारीक टोकाकडे असल्यास दूर न्यावा. एक माप बदलले की दुसरेही बदलते. त्यामुळे दोन-तीन वेळा उघडझाप करावी लागते. ती कारागिराची अकुशलता नसून कामाचीच रीत आहे. मालकाने घाई केल्यास सर्वप्रथम हीच पायरी गाळली जाते.

या शहराला डायल गेज नवा नाही. १९८५ मध्ये वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या लहान-मोठ्या उद्योगांची वसाहत उभी राहिली. चिकलठाण्यातील इंडो-जर्मन टूल रूममध्ये तरुणांना अचूक मोजमापाचे शिक्षण मिळते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब वसाहतींत रोजच्या रोज होतो. तोच हिशेब गॅरेजमध्ये होण्यास फार मोठे यंत्र लागत नाही. चुंबकी स्टँडसह एक डायल गेज आणि टॉर्क रेंच ही साधने सुस्थितीत ठेवली, तर कित्येक वर्षे साथ देतात.

तेल आणि पहिले काही दिवस

जोडणीनंतर हायपॉइड एक्सलसाठी मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या श्रेणीचेच, सामान्यतः 'जीएल-५' दर्जाचे तेल भरावे. घट्टपणा ९० किंवा ८५डब्ल्यू-१४०, हे उत्पादकाच्या शिफारशीवर ठरते. 'नव्वद नंबर' हा केवळ घट्टपणाचा आकडा आहे. दर्जा त्यावरून कळत नाही. डब्यावरील 'जीएल' पुढचा अंक वाचणे त्यासाठी आवश्यक आहे. मात्र उरलेले तेल गिअरबॉक्समध्ये ओतू नये. अनेक जुन्या गिअरबॉक्सना 'जीएल-४' लागते. एक्सलच्या तेलातील काही रसायने पितळी भागांना बाधक ठरू शकतात.

पहिले १५-२० किलोमीटर गाडी रिकामी व संथ चालवून थांबवावी, हाऊसिंग पूर्ण थंड होऊ द्यावे. पहिल्या काही शे किलोमीटरपर्यंत पूर्ण भार, घाट आणि दीर्घकाळ एकच वेग टाळावा. त्यानंतर तेल बदलल्यास सुरुवातीच्या घर्षणातून सुटलेले कण बाहेर जातात. हाऊसिंग कोमट होणे स्वाभाविक आहे; हात टेकवता येणार नाही इतके तापत असेल, तर प्रीलोड आणि तेलाची पातळी पुन्हा तपासावी.

व्यावसायिक वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र आठ वर्षांनंतर दरवर्षी नूतनीकृत करावे लागते आणि पंधरा वर्षांवरील वाहनांसाठीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून मोठ्या प्रमाणात वाढले आहे. जुनी गाडी ठेवावी की काढावी, हा निर्णय प्रत्येक मालकाला आता दर वर्षी घ्यावा लागतो. नीट बांधलेला एक्सल त्या हिशेबात गाडीच्या बाजूने उभा राहतो. अंदाजाने बांधलेला एक्सल पुढच्या घाटातच निर्णय देऊन टाकतो.

म्हणून गाडी ताब्यात घेताना मालकाने बिलावर पाच नोंदी मागून घ्याव्यात : क्राऊन व पिनियनच्या दातांची संख्या, जोडक्रमांक, मोजलेली मोकळीक, पिनियनचा प्रीलोड आणि भरलेल्या तेलाची श्रेणी. ज्या कारागिराने मोजले आहे, त्याला हे लिहून देण्यास अडचण नसते.